अजून शिकतोच आहे!

गेल्या वैशाखात एका पहाटे वीज गेली, पंखा थांबला आणि उकाड्याने आम्हांस जाग आली. घड्याळात पाच वाजून गेले होते. शेजारच्या घरातून एक बारीक आवाज येत होता. मोठा म्हणावा तर नव्हे. पंख्याच्या घरघरीत तो इतके दिवस बुडून गेला असला पाहिजे. तारेवर नखाने टिचकी मारावी तसे चार टणत्कार, मग किंचित विसावा, पुन्हा तेच चार. पाऊण तास हे चालले होते, आणि त्या पाऊण तासात त्या चार स्वरांत पाचव्याची भर पडली नाही. आम्ही मनाशी म्हटले, कोणाचे तरी लहान मूल सतार शिकू लागलेले दिसते. मिरज जवळ असल्यामुळे आमच्या कुंडलास सतार काही नवलाची नाही.

पुढे आठ-दहा दिवसांनी शेजारचे गृहस्थ संध्याकाळी आमच्याकडे आले. हे निवृत्त मुख्याध्यापक. तीस वर्षे अंकगणित शिकविले, आणि बोलताना अजूनही वाक्याच्या शेवटी समोरच्याने उत्तर बरोबर द्यावे अशा अपेक्षेने थांबतात. चहा झाला. पावसाच्या गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, “आमच्या चिरंजीवांना तुम्ही चार शब्द सांगाल काय? माझे तो ऐकत नाही.”

चिरंजीव बत्तीस वर्षांचे. जवळच्याच एका कारखान्यात चांगल्या जागेवर आहेत, व्यसन नाही, वडिलांशी मर्यादेने वागतात. मग तक्रार कसली?

“गिटार!” मुख्याध्यापक म्हणाले. “बारा वर्षांचा होता तेव्हापासून हातात आहे. आज वीस वर्षे झाली. परवा एक स्थळ आले होते. मुलीच्या मामांनी सहज विचारले, फावल्या वेळात काय करता? तर हा म्हणतो, गिटार शिकतो. शिकतो! अहो, वीस वर्षांत माणूस दोनदा एम.ए. होऊन वर वकील होईल. अजून शिकणे संपत नसेल तर एक तर विद्या खोटी, नाही तर विद्यार्थी मठ्ठ. आणि याहून पुढचे ऐका. आता दर रविवारी मिरजेस जातो, एका सतारियाकडे. तो सतारिया कोण, तर तेवीस वर्षांचा पोर! याच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याच्यापुढे हा मांडी घालून बसतो.”

आम्ही मध्यस्थी पत्करली, आणि खरे सांगावयाचे तर काहीशी आनंदाने पत्करली. कारण चिरंजीव जे संगीत वाजवितात त्यास ‘हेवी मेटल’ म्हणतात हे आम्हांस ठाऊक होते, आणि एकदा गणेशोत्सवात त्याचा मासला कानी पडल्यापासून त्याविषयी आमचे मत काही चांगले नव्हते. हेवी मेटल म्हणजे जड धातू. ज्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने निवडुंग तोडून लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला, तो माळ आमच्या गावाजवळचाच. किर्लोस्करवाडी स्टेशनाचे जुने नावही ‘कुंडल रोड’च होते. तेव्हा जड धातूचे आम्हांस वावडे असण्याचे कारण नाही. पण त्याचे गाणे करावे, हे आमच्या पिढीच्या कल्पनेबाहेरचे होते.

रविवारी दुपारी चिरंजीव मिरजेहून परतले तेव्हा आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि आपण पलंगाच्या कडेवर बसले. वाद्य भिंतीशी टेकलेले होते. विजेची गिटार आम्ही इतक्या जवळून प्रथमच पाहिली. तिला सतारीसारखा भोपळा नाही, की साध्या गिटारीसारखे पोकळ पोट नाही. अंग भरीव लाकडाचे. पोलादी तारांखाली चुंबक आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तारेची वेटोळी असतात. तार हलली की वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकाने हवा तितका वाढवावयाचा. तो मर्यादेबाहेर वाढविला म्हणजे लहरींचे शेंडे छाटले जातात आणि स्वरास तो करकरीत, दाट, गुरगुरणारा गुण येतो, ज्यास आम्ही गणेशोत्सवात गोंगाट समजलो होतो. वीज नसली तर मात्र हे भयंकर वाद्य डासाएवढे बोलते. पहाटेचा तो लहान मुलाचा रियाज कोणाचा, याचा उलगडा आम्हांस तेथे झाला.

“ते चार स्वर कसले रे?” आम्ही विचारले.

तो जरा ओशाळला. “काका, ते मी नव्याने शिकतोय.”

मग त्याने दाखविले. गिटारीची तार पडद्यावर दाबून आडवी ओढली म्हणजे स्वर चढतो. सतारीची मींड ती हीच; फरक इतकाच की सतारीचे पडदे कमानदार असतात आणि तार पुष्कळ दूरवर ओढता येते. हेवी मेटलच्या वादनात ही ओढ पदोपदी येते. आमच्या या चिरंजीवांनी ती वीस वर्षे केली, मैफली केल्या, पुण्यामुंबईच्या तरुणांनी टाळ्या दिल्या. मागच्या वर्षी एका मित्राच्या घरी त्या मिरजेच्या तरुण सतारियाने त्याचे वादन ऐकले आणि अगदी विनयाने सांगितले, “दादा, आपली मींड पोचत नाही. स्वर दर वेळी किंचित उतरलेला राहतो.”

“मला राग आला होता,” चिरंजीव म्हणाला. “घरी येऊन तंबोऱ्याचा आवाज लावला, वीज बंद केली आणि हळूहळू ओढून पाहिले. तो म्हणत होता ते खरे होते. मोठ्या आवाजात आणि वेगात ते झाकून जात होते. वीस वर्षे मी मनगटाने फिरवायची तार नुसत्या बोटाने ओढत होतो, काका. बोट थकते आणि स्वराच्या अलीकडेच थांबते. आता पहिल्यापासून.”

‘आता पहिल्यापासून’ हे शब्द तो ज्या सहजतेने बोलला त्याने आम्ही मनातून चपापलो. त्याचे कारण पुढे येईल. उपदेशाचे जे चार शब्द आम्ही घरून जुळवून आणले होते, ते तूर्त पोटातच ठेवले, आणि त्याला विचारले की, तुझ्या या पंथात असे पुन्हा पहिल्यापासून शिकणारे आणखी कोणी आहेत काय? या प्रश्नाने त्याची कळी खुलली. पुढचा तास त्याने आम्हांस जे सांगितले ते आम्ही मागाहून पडताळून पाहिले आहे, आणि त्यातले काही वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे.

या संगीताचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅमचा. तेही कारखान्यांचेच गाव. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. 1965 साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावरा असल्यामुळे तार दाबण्याचा हात नेमका तोच. वाजविणे संपले असे सर्वांनी ठरविले. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्यास जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकविली. 1928 च्या आगीत या जँगोची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही तो युरोपात नाणावलेला गिटारवादक ठरला. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटविले, बँजोच्या हलक्या तारा गिटारीस लावल्या, आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा खालच्या स्वरात उतरविल्या. हेवी मेटलचा जो खर्जातला जड आवाज आज जगभर ओळखला जातो, त्याच्या घडणीत त्या दुखऱ्या बोटांचा वाटा आहे. ऐकताना आम्हांस आमच्या परिसरातले एक उदाहरण आठवले. शेजारच्या पलूस गावावरून ज्यांचे आडनाव पडले त्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली, पुस्तकी शिक्षण अडले, म्हणून तर ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास गेले.

परंतु आयोमीची कथा अडचणीवर मात करण्याची झाली. आम्हांस अधिक हालविले ते दुसऱ्याच एका तरुणाने, कारण त्याला अडचण अशी काहीच नव्हती. रँडी ऱ्होड्स हा अमेरिकेतला. जन्म 1956 चा. आईची स्वतःची संगीतशाळा होती. तेथेच तो वाढला, तेथेच शिकला, आणि विशीत तेथेच मुलांना शिकवू लागला. 1979 साली तो ऑझी ऑस्बोर्न या गायकाच्या मंडळीत गेला आणि दोन तबकड्यांत जगप्रसिद्ध झाला. चोविसाव्या वर्षी हजारोंचा समुदाय त्याच्या नावाने गर्जना करी. आणि हा गृहस्थ काय करी? दौऱ्यात गाव बदलले की त्या गावी अभिजात गिटार शिकविणारा मास्तर कोण आहे त्याचा शोध घेई, आणि रात्रीच्या खेळाआधी त्याच्याकडे जाऊन विद्यार्थी म्हणून धडा घेई. आज या गावी एक, उद्या त्या गावी दुसरा. त्यांतल्या कित्येक मास्तरांहून त्याचा हात अधिक तयार असेल यात शंका नाही. पण त्यांच्याजवळ जे होते ते याच्याजवळ नव्हते, एवढे त्याला पुरेसे होते. मंडळी सोडून विद्यापीठात अभिजात गिटारीचे रीतसर शिक्षण घ्यावे असा विचार तो बोलून दाखवू लागला होता. 19 मार्च 1982 रोजी फ्लॉरिडात एका लहान विमानाच्या अपघातात तो गेला. वय वर्षे पंचवीस. पहिल्या तबकडीत त्याने एक चिमुकली, साध्या गिटारीवरची चीज घातली आहे. ती आईच्या नावाने आहे. चिरंजीवांनी ती आम्हांस ऐकविली. तीत गोंगाटाचा लवलेश नाही.

तिसरा कर्क हॅमेट. हा 1983 च्या वसंतात मेटॅलिका नावाच्या मंडळीत दाखल झाला. त्याच वर्षी मंडळीची पहिली तबकडी निघाली. कोणीही म्हणेल, आता पोहोचला. हा मात्र जो सॅट्रिआनी नावाच्या, वयाने सहाच वर्षे वडील असलेल्या शिक्षकाकडे शिकवणीस जाऊ लागला, आणि दौऱ्यावरून परत आला की वही घेऊन पुन्हा त्याच्या दारात, असा क्रम त्याने काही वर्षे चालविला. हा सॅट्रिआनी तरी कोणाचा शिष्य? तर तरुणपणी तो लेनी ट्रिस्टानो नावाच्या एका अंध पियानोवादकाकडे शिकला होता. म्हणजे गिटारवाल्याचा गुरू पियानोवाला! आमच्याकडेही गवयाने बीनकारापाशी बसल्याची उदाहरणे आहेत. परंपरा म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो ती वस्तू समुद्रापलीकडे, अंगावर काळे कपडे घालून, केस वाढवून हिंडत होती, आणि आम्हांस तिचा पत्ता नव्हता.

येथे आम्ही गप्प बसणे बरे नव्हते. कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते; 1948 साली संस्थान विलीन झाले. त्या औंधच्या दरबारी अंतूबुवा जोशी, म्हणजे पंडित अनंत मनोहर जोशी, हे बाळकृष्णबुवांचे शिष्य गवई होते. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, जन्म 1911 चा. वडिलांकडून ग्वाल्हेरची तालीम घरीच मिळाली. व्हायोलिन त्यांनी बहुतांशी आपल्याच बुद्धीने साधले, आणि त्यावर गायकी अशी उतरविली की वादक म्हणून त्यांचा बोलबाला झाला. विद्वान बापाचा मुलगा, स्वतः नावाजलेला कलावंत. येथे एखादा थांबला असता तर त्यास कोणी नावे ठेविली नसती. गजाननबुवा रामकृष्णबुवा वझ्यांकडे गेले. मग अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे जयपूर घराण्याची तालीम घेतली. मग विलायत हुसेनखाँ यांच्याकडून आग्र्याची. ज्यांनी ही घराणी ऐकली आहेत त्यांस ठाऊक आहे की, एका घराण्याचा गळा दुसऱ्यात नेणे म्हणजे काही अंगरखा बदलणे नव्हे. आवाज लावण्याची रीत निराळी, लयीशी वागण्याची रीत निराळी, राग कोठून उघडावयाचा तेही निराळे. दर खेपेस आलेले काही विसरावे लागते, आणि ज्या माणसास टाळ्यांची सवय झाली आहे त्याने ‘असे नव्हे, पुन्हा’ हे शब्द ऐकून घ्यावे लागतात. पुढे त्यांनी उल्हास कशाळकरांसारखे शिष्य तयार केले, त्यांत या तिन्ही घराण्यांचे पाणी एकत्र आलेले दिसते. 1987 साली गजाननबुवा निवर्तले.

त्यांच्याही आधी भास्करबुवा बखले. बडोद्यास फैज महंमदखाँ, पुढे आग्र्याचे नथ्थनखाँ, इतक्यांची विद्या घेऊन महाराष्ट्रात मान्यता मिळविल्यावर बुवांनी अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. बालगंधर्वांचे गुरू असलेला हा माणूस दुसरीकडे शिष्य म्हणून बसत होता.

चिरंजीव हे सर्व एकाग्रतेने ऐकत होता. गजाननबुवांचे व्हायोलिन ऐकावयास कोठे मिळेल, एवढेच त्याने विचारले. आणि वाद्य परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांस आम्ही जाता जाता एवढेच स्मरण देतो की, व्हायोलिन काही आपल्या ऋषींनी दिलेले नाही. मद्रासेकडे बालुस्वामी दीक्षितरांनी ते गोऱ्या वादकाकडून शिकून घेतले तेव्हा कुठे ते आपले झाले. पेटीलाही परकी ठरवून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने दाराबाहेर ठेविले होते. आज कोणत्या भजनी मंडळास ती परकी वाटते?

आता आमच्या चपापण्याचे कारण. आमच्या माळ्यावर एक व्हायोलिन आहे. पंचविशीत आम्ही ते घेतले, सात-आठ वर्षे वाजविले, आणि घरच्या कार्यात, हळदीकुंकवास, श्रोते गोड मानून घेतील इतपत प्रगती केली. पुढे बदलीच्या गावी एका वर्गात नाव घातले. तेथील शिक्षक आमच्याहून वयाने लहान. त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले की, गज धरण्याची पद्धतच चुकली आहे; तीन महिने नुसत्या मोकळ्या तारांवर गज ओढावा लागेल. वर्गात दहा-दहा वर्षांची मुले होती. त्यांच्या रांगेत बसून आम्ही तीन दिवस गज ओढला. चौथ्या दिवशी कचेरीत काम फार आहे असे घरी सांगितले. काम फार नव्हते. शिक्षकांचे म्हणणे बरोबर होते, हेही आम्हांस तेव्हाच कळले होते. पत्नीला खरे कारण आजवर ठाऊक नाही. या पानावर ते तिला प्रथमच वाचावयास मिळेल.

मेहनत करणे सोपे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जे येते तेच रोज घासणे, यात एक प्रकारचे सुख असते, मान असतो. आमच्या कुंडलास कुस्तीच्या मैदानाचे वेड. येथे तालमीत जाणाऱ्या पहिलवानास ‘अजून जोर काढतोस?’ असे कोणी विचारीत नाही. वस्तादाने सर्वांदेखत पाय धरून ‘हा पवित्राच चुकला’ म्हटले तर मात्र मोठमोठ्यांचे तोंड उतरते.

दोन दिवसांनी आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो आणि सांगितले की, मध्यस्थी आमच्याने होत नाही. कारणे सांगितली. मामांसमोर ‘शिकतो’ म्हणाला ते लग्नाच्या बाजारात तोट्याचे असेल, पण खोटे नव्हते, हेही सांगितले. ते बराच वेळ पानाचा डबा उघडमीट करीत राहिले. मग म्हणाले, “मी तीस वर्षे अपूर्णांक एकाच पद्धतीने शिकविले. दरसाल आठ-दहा मुले त्यात नापास होत. मी त्यांना मठ्ठ म्हणे.” येथे ते नेहमीप्रमाणे थांबले, पण आम्ही उत्तर द्यावे अशी अपेक्षा या वेळी दिसली नाही.

त्यांनी चिरंजीवांस काय सांगितले ते आम्हांस कळले नाही. लग्नाचेही अद्याप जमलेले नाही. पहाटेचे टणत्कार मात्र चालू आहेत, आणि आता आम्ही पंखा बंद करून ते ऐकतो. चार स्वरांचे आता पाच झाले आहेत.

गेल्या शनिवारी चिरंजीवांनी शिडी लावून आमच्या माळ्यावरची पेटी खाली काढली. व्हायोलिनची घोडी पडली आहे, एक खुंटी फिरत नाही, गजाचे केस कसरीने खाल्ले आहेत. मिरजेच्या सतारमेकरांपैकी एकजण दुरुस्त करून देतो म्हणतो, ते काम त्याने आपल्याकडे घेतले. मग पेटी बंद करता करता म्हणाला, “काका, आमच्या सतारवाल्याच्या शेजारीच व्हायोलिनचा वर्ग आहे. रविवारी अकराला. मुलेच असतात बहुतेक. सकाळची गाडी आहे.”

आम्ही अद्याप त्यास उत्तर दिलेले नाही.